भांडवलाचं रेशनकार्ड

मुंबईतल्या अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "दुसऱ्या महायुद्धानंतर सगळ्याच देशांना उद्योग उभे करायचे होते. मग नेमक्या त्याच वेळी सरकारांनी नवं भांडवल उभारायला परवानगीची अट का घातली? त्याने सावरायला मदत झाली की खोडा बसला? आणि आपल्याकडे ही अट १९९२ पर्यंत का टिकली?"

मी १९७२ पासून फोर्टात कंपन्यांच्या भांडवल उभारणीचं काम करत आलो. त्यातली पहिली वीस वर्षं याच परवानगीच्या फायली बांधण्यात गेली. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सुरुवात युद्ध संपल्यावर होत नाही, युद्ध ऐन भरात असताना होते. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत धान्याचं रेशनिंग आलं. त्याच महिन्यात, १७ मे रोजी, भारत संरक्षण नियमांखाली कंपन्यांच्या नव्या शेअर-डिबेंचरवर (डिबेंचर म्हणजे कंपनीचे कर्जरोखे) बंधन आलं. सरकारच्या संमतीशिवाय भांडवल काढायचं नाही. एका महिन्यात तांदळाचंही रेशन आणि भांडवलाचंही, हा मला योगायोग वाटत नाही. दुखणं एकच होतं. ब्रिटिश सरकार इथून सैन्यासाठी कापड, धान्य, चामडं उचलत होतं आणि त्याची किंमत लंडनमधल्या खात्यात पौंडांत लिहून ठेवत होतं. इथल्या गिरणीला आणि शेतकऱ्याला मात्र रुपये द्यावेच लागत. ते छापले गेले. १९३९ मध्ये चलनातल्या नोटा १८० कोटींच्या आसपास होत्या, युद्ध संपेपर्यंत त्या हजार कोटींच्या वर गेल्या. लोकांच्या हातात नोटा खुळखुळत होत्या आणि दुकानात माल नव्हता.

अशा वेळी कंपनी काढणं सोपं असतं. ज्याच्याकडे कारखाना नाही, जागा नाही, यंत्राची ऑर्डर नाही, असा माणूसही प्रॉस्पेक्टस, म्हणजे शेअरविक्रीचं माहितीपत्रक, छापतो आणि लोक रांग लावतात. सरकारला दोन गोष्टी नको होत्या: असल्या कंपन्यांत लोकांची पुंजी जाणं, आणि सरकारी कर्जरोख्यांकडे येऊ शकणारा पैसा तिकडे वळणं. तीन महिन्यांनी, ११ ऑगस्ट १९४३ रोजी, चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. रायगडच्या परिसरातला हा माणूस पुढे १९५० ते १९५६ अर्थमंत्री होता. आपल्याकडच्या भांडवल नियंत्रणाचा सगळा घडणीचा काळ त्यांच्या नजरेखालून गेला आहे, म्हणून मराठी वाचकाने तरी हा विषय परका मानू नये.

आता तुमचा मूळ प्रश्न. सावरायच्या काळात गुंतवणूक अडवायची कशाला?

कारण पैसा म्हणजे कारखाना नव्हे. कारखान्याला सिमेंट लागतं, पोलाद लागतं, कोळसा किंवा वीज लागते, बाहेरून यंत्र आणायचं तर परकीय चलन लागतं. युद्धानंतर तुटवडा या चार गोष्टींचा होता, नोटांचा नव्हता. समजा पोलाद तीन साखर कारखान्यांपुरतं आहे आणि दहा प्रवर्तकांनी शेअर विकून पैसा गोळा केला. पैसा दहा जणांकडे आहे म्हणून कारखाने दहा होत नाहीत. पोलादाचा भाव चढतो, थोडं थोडं पोलाद दहा ठिकाणी जातं, आणि दहा ठिकाणी अर्धवट शेड उभ्या राहतात. मुंबईत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. चौथ्या स्लॅबवर अडकलेली इमारत कशी दिसते आणि तिच्यात किती जणांचे पैसे रुतलेले असतात, हे आपण रोज पाहतो. त्या तीनांची निवड कुणीतरी करायला हवी होती. बाजारावर सोडलं असतं तर ज्याला सर्वांत जास्त नफा तो पुढे गेला असता. १९४६ मध्ये जास्त नफा वीजनिर्मितीत नव्हता, टंचाईच्या वस्तूंत आणि चैनीच्या मालात होता.

म्हणून हे एकट्या भारताने केलेलं नाही. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे या नियंत्रणाला सरसकट 'समाजवादी खूळ' म्हणून निकालात काढतात.

ब्रिटनने १९४६ मध्ये कर्जउभारणीच्या नियंत्रणाचा स्वतंत्र कायदाच केला. वर्षाला पन्नास हजार पौंडांहून जास्त भांडवल उभारायचं तर 'कॅपिटल इश्यूज कमिटी'कडे जावं लागे. तरीही १९४७ च्या हिवाळ्यात कोळसा संपला आणि कारखाने बंद ठेवावे लागले. त्याच उन्हाळ्यात १५ जुलैला पौंड डॉलरमध्ये बदलण्याची मोकळीक दिली, तेव्हा डॉलर इतक्या वेगाने गेले की २० ऑगस्टला ती मोकळीक मागे घ्यावी लागली. वर्षाअखेरीस सरकारने १९४८ च्या गुंतवणुकीत चक्क कपात जाहीर केली. बॉम्बहल्ल्यांनी पडलेली घरं बांधायची बाकी असताना बांधकामाला कात्री लागली.

जपानने उलटा रस्ता धरला. कोळसा नाही म्हणून पोलाद नाही, पोलाद नाही म्हणून खाणींना साहित्य नाही, ही गाठ त्यांनी एका टोकाने सोडवायला घेतली. १९४७ साठी ३ कोटी टन कोळशाचं लक्ष्य ठरवलं, जवळजवळ गाठलं. त्यासाठी जानेवारी १९४७ मध्ये पुनर्बांधणी बँक सुरू केली आणि तिच्या कर्जांचा सर्वांत मोठा वाटा कोळशाला दिला. बाकीच्या बँकांनी कुणाला आधी कर्ज द्यायचं याची उद्योगवार क्रमवारी लावून दिली. किंमतही मोजली. त्या बँकेचे रोखे मुख्यतः जपानच्या मध्यवर्ती बँकेनेच घेतले, म्हणजे नोटा छापल्या, आणि महागाई भडकली. १९४९ मध्ये अमेरिकी सल्लागार डॉज यांनी नवी कर्जं बंद करायला लावली.

पश्चिम जर्मनीचं उदाहरण मी नेहमी देतो, कारण तिथे 'सगळं बाजारावर सोडलं आणि चमत्कार झाला' अशी समजूत आहे. जून १९४८ मध्ये नवं चलन आलं, बहुतेक भाव मोकळे झाले, हे खरं. पण कोळसा, पोलाद, वीज यांचे भाव सरकारने धरूनच ठेवले होते. त्यामुळे साबण-कापड करणाऱ्याकडे नफा साचला आणि खाणीकडे नवं यंत्र घ्यायला पैसा उरला नाही. मग जानेवारी १९५२ मध्ये कायदा झाला: बाकीच्या उद्योगांनी मिळून १०० कोटी मार्क कोळसा, पोलाद, वीज, पाणी आणि रेल्वेला द्यायचे. देणगी म्हणून नव्हे, बदल्यात रोखे मिळायचे. म्हणजे बाजाराने जिथे भांडवल नेलं होतं तिथून सरकारने ते उचलून दुसरीकडे ठेवलं. फ्रान्सचा मोने आराखडाही याच वळणाचा: कोळसा, वीज, पोलाद, सिमेंट, शेतीची यंत्रं आणि वाहतूक आधी, बाकीचे मागून.

या देशांकडे पाहताना एक गोष्ट मला माझ्या कामामुळे चटकन दिसते. भांडवल उभारणीवरची परवानगी ही फक्त 'नाही' म्हणू शकते. दहा अर्जांतले सात ती थांबवते, पण उरलेले तीन कारखाने उभे करत नाही. त्यासाठी दुसरा हात लागतो: स्वस्त, लांब मुदतीचं कर्ज देणारी संस्था. जपानची पुनर्बांधणी बँक हा तो दुसरा हात. जर्मनीत १९४८ मध्ये अमेरिकेच्या मार्शल मदतीच्या बदल्यात जमलेल्या स्थानिक चलनातून असाच हात उभा केला. जिथे दोन्ही हात होते तिथे नियंत्रणाने काम केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक भोक होतं. परवानगी लागे ती बाहेरून पैसा उभारायला. स्वतःच्या नफ्यातून विस्तार करणाऱ्या जुन्या कंपनीला भांडवल नियंत्रक काही विचारू शकत नसे. त्यामुळे प्रस्थापितांना मोकळं रान आणि नव्याला रांग. ब्रिटनमध्ये हेच झालं, आपल्याकडेही झालं.

आता आपल्याकडे येऊ.

१९४४ मध्ये देशातल्या बड्या उद्योगपतींनीच १०,००० कोटी रुपयांची पंधरा वर्षांची योजना मांडली होती. जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकूरदास, कस्तुरभाई लालभाई, ए. डी. श्रॉफ अशी माणसं त्यात होती. त्याच वर्षाअखेरीस आलेल्या दुसऱ्या भागात त्यांनी योजनेच्या काळात गुंतवणूक, परकीय व्यापार, वाटप यांवर सरकारी नियंत्रण राहील हे मान्य केलं. टाटांच्या बॉम्बे हाऊसच्या परिसरातून ही मान्यता आली होती, हे विसरू नये. त्यांना समोर दिसत होतं की लंडनमध्ये साचत चाललेली आपली पुंजी (युद्धानंतर ती सुमारे १,७०० कोटींवर पोचली) ब्रिटन एकदम सोडणार नाही आणि सुटेल तेवढीच यंत्रं येतील.

१९४७ मध्ये युद्धकाळातला नियम कायद्यात आला. नावातच 'नियंत्रण चालू ठेवण्याचा' कायदा असा उल्लेख होता आणि सुरुवातीला तो मुदतीचा होता. मुदत वाढत गेली आणि १९५६ मध्ये तो कायम झाला. नावातून 'चालू ठेवण्याचा' हे शब्दही गेले. मधल्या काळात १९५१ चा उद्योग विकास व नियमन कायदा आला, म्हणजे कारखाना काढायलाच परवाना. दुसरा हातही आपण उभा केला: १९४८ मध्ये औद्योगिक वित्त महामंडळ, आणि १९५५ मध्ये इथे मुंबईत आयसीआयसीआय. तिला सरकारने साडेसात कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं, तेही अमेरिकी मदतीतून जमलेल्या रुपयांतून, म्हणजे जर्मनीसारखंच. पण देशाच्या गरजेपुढे हा हात फार बारीक होता, आणि 'नाही' म्हणणारा हात दरवर्षी जाड होत गेला.

याचं जिवंत चित्र मी परळला पाहिलं आहे. माझे वडील एका गिरणीत विव्हिंग खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. दसऱ्याला गिरणीत यंत्रांची पूजा असे, मागांना झेंडूच्या माळा घालत आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडत. मी आठेक वर्षांचा असेन. वडिलांनी त्यांच्या मागाच्या बाजूच्या ओतीव लोखंडावरची हळद-कुंकवाची बोटं पुसून मला खालची अक्षरं दाखवली. लँकेशायरमधल्या एका गावाचं नाव आणि साल १९१२. "माझ्यापेक्षा म्हातारा आहे," ते म्हणाले. तो माग दोन महायुद्धांतून गेला होता. दुसऱ्या युद्धात तर गिरण्या रात्रंदिवस चालल्या आणि दुरुस्तीला सुटा भाग मिळत नव्हता. वीस वर्षांनी मी कामानिमित्त त्याच गिरणीत ताळेबंद पाहायला गेलो, तेव्हा त्याच रांगेत १९१२ सालचे माग चालू होते.

युद्धात गिरण्यांनी भरपूर नफा कमावला. मग नवे माग का आले नाहीत? सुरुवातीला कारण साधं होतं: इंग्लंडच्या कारखान्यांकडे ऑर्डरी वर्षानुवर्षांच्या तुंबलेल्या आणि परकीय चलन मोजकं. पण यंत्रं मिळू लागल्यावर, १९५६ मध्ये, सरकारने गिरण्यांना विणकामाची क्षमता वाढवायलाच बंधन घातलं. हेतू चांगला होता, हातमागवाल्याचा रोजगार वाचवायचा. त्याच सुमारास जुन्या गिरण्यांच्या दुरुस्तीसाठी सरकारी कर्जाची सोयही झाली, पण विस्तार बंद. भांडवल मात्र गप्प बसलं नाही. गिरणीने भंगारात काढलेला माग ट्रकवर चढला आणि भिवंडीला, मालेगावला, इचलकरंजीला जाऊन पुन्हा उभा राहिला, एका शेडमध्ये चार, दुसरीत सहा. तिथे ना भांडवल नियंत्रक होता, ना गिरणी कामगाराचा पगार. हातमाग वाचला नाहीच आणि गिरणगावही म्हातारं होत गेलं. १९८२ च्या संपाआधीच गिरण्यांची ताकद गेली होती आणि त्या जाण्याला हे पंचवीस वर्षांचं कुंपणही जबाबदार होतं, असं मी मानतो. माझ्या घरातली माणसं त्यात होरपळली, म्हणून हे लिहिताना मला अलिप्त राहता येत नाही.

माझ्या टेबलावर नियंत्रण कसं दिसे तेही सांगतो. आधी कारखान्याचं इरादापत्र, मग परदेशी सहकार्याची मंजुरी, मग यंत्र आयातीचा परवाना, मोठ्या घराण्याची कंपनी असेल तर १९६९ च्या मक्तेदारी कायद्याखाली आणखी एक मंजुरी, आणि शेवटी दिल्लीत अर्थ मंत्रालयातल्या भांडवल नियंत्रकाकडे अर्ज. त्याला आम्ही 'सीसीआय'च म्हणायचो. प्रकल्पखर्चाचा तक्ता, त्यात प्रवर्तकाचे किती, संस्थांचे किती, जनतेचे किती. कर्ज भागभांडवलाच्या दुपटीहून जास्त नको. टायपिस्ट कार्बन लावून पाच-सहा प्रती काढायचा. एक आकडा चुकला की सगळी पानं पुन्हा.

जुन्या कंपनीला प्रीमियमवर, म्हणजे दर्शनी किमतीहून जास्त भावाने, शेअर काढायचा तर भावही तिकडेच ठरे. सूत्र असं: एका शेअरमागची निव्वळ मालमत्ता काढा. मग सरासरी करोत्तर नफा घेऊन, उत्पादन करणाऱ्या कंपनीला पंधरा टक्क्यांनी, व्यापारी कंपनीला वीस टक्क्यांनी त्याचं मूल्य काढा. दोन्हींची सरासरी म्हणजे रास्त भाव. समजा मालमत्ता शेअरमागे तीस रुपये आणि नफा सहा रुपये. सहाला पंधरा टक्क्यांनी भागलं की चाळीस. सरासरी पस्तीस. दलाल स्ट्रीटवर तोच शेअर नव्वदला असला तरी आमचा आकडा पस्तीसच्या आसपास, फार तर थोडी वाढ. दहा वर्षांनी या कंपनीचं काय होणार आहे, याला त्या सूत्रात जागाच नव्हती. आणि प्रत्येक प्रॉस्पेक्टसच्या पहिल्या पानांत एक वाक्य छापावंच लागे: केंद्र सरकारची संमती मिळाली आहे, पण योजनेच्या आर्थिक भक्कमपणाची किंवा यातल्या विधानांच्या खरेपणाची जबाबदारी सरकार घेत नाही. भाव सरकारने ठरवलेला, जोखीम मात्र लोकांची. दिवाळीचा बोनस शेअरमध्ये टाकणाऱ्या गिरगावातल्या कारकुनाला हे वाक्य कुणी वाचून दाखवलं नाही.

एक फाईल अजून डोळ्यांसमोर आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली रंगाचं रसायन करणारी मध्यम कंपनी. इरादापत्र मिळालं तेव्हा यंत्राचा भाव एक होता. सगळे कागद पूर्ण होऊन संमतीपत्र आलं तेव्हा रुपया घसरलेला, यंत्र महागलेलं, आणि मंजूर झालेलं भांडवल कमी पडत होतं. वाढीव रकमेसाठी नवा अर्ज. मालक मूळचा केमिस्ट. वडिलोपार्जित चिपळूणची जमीन विकून आलेला माणूस. तो माझ्यासमोर बसून म्हणाला, "साहेब, मला नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. मी दुसरं काही केलं असतं." कारखाना झाला, पण अर्ध्या क्षमतेचा.

मग हे टिकलं का? १९४३ चा तुटवडा केव्हाच संपला होता. खरं कारण असं की प्रत्येकाचा त्यात काहीतरी लाभ होता. परवाना हातात असलेल्या कंपनीला नवा स्पर्धक नको होता. १९७३ च्या परकीय चलन कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा चाळीस टक्क्यांपर्यंत उतरवावा लागला, तेव्हा त्यांचे शेअर याच सूत्राने स्वस्तात बाहेर आले. दादर-पार्ल्याच्या मध्यमवर्गाला ते लागले आणि त्यातून कित्येकांच्या मुलींची लग्नं झाली, घरं झाली. मंत्रालयाला अधिकार मिळत होता. आणि आमच्यासारख्यांची फी त्याच फायलींतून येत होती, हेही मी इथे लिहायलाच हवं. ब्रिटनने आपलं नियंत्रण १९५० चं दशक संपता संपता सोडलं. जपान, जर्मनी यांनी जी कडी घातली ती विशिष्ट अडचणीसाठी, कोळसा किंवा वीज यांसाठी, आणि अडचण सुटली तशी कडी काढली. आपल्या १९५६ मध्ये कायम झालेल्या कायद्यात कुठल्या टंचाईसाठी आणि ती संपल्यावर कधी थांबायचं, हे लिहिलेलंच नव्हतं.

२९ मे १९९२ रोजी अध्यादेशाने तो कायदा रद्द झाला. देखरेखीचं काम सेबी या शेअर बाजाराच्या नियामक मंडळाकडे आलं, भाव ठरवणं कंपनीकडे. पुढच्या तीन-चार वर्षांत कंपन्यांचा पूर आला, त्यातल्या काही लोकांचे पैसे घेऊन दिसेनाशा झाल्या. युद्धकाळात ज्याची भीती होती तेच पन्नास वर्षांनी घडलं. तेव्हा नियंत्रण निरुपयोगी होतं असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या आडोशाला आपण काय शिकलोच नाही ते मला जूनच्या पहिल्या आठवड्यात कळलं.

एक अशील हक्कभाग (आधीच्या भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर) काढायच्या तयारीत होता. जुन्या सूत्राने केलेला अर्ज माझ्या टेबलावर तयार होता. मी त्याला बोलावून सांगितलं की आता दिल्लीला पाठवायची गरज नाही, भाव तुम्ही ठरवायचा. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग किती लावू?"

मला उत्तर देता आलं नाही. वीस वर्षं मी शेअरचे भाव काढत होतो, पण कंपनी पुढे काय कमावेल याचा अंदाज बांधून भाव काढायची वेळ माझ्यावर एकदाही आली नव्हती. मी तो अर्ज बाजूला ठेवला, कोरा कागद घेतला, आणि आम्ही दोघं त्याच्या पुढच्या पाच वर्षांची विक्री मांडायला बसलो.